चर बुजवायचे दिवस

त्या सकाळी मी दलदलीत रानफळं वेचायला गेले होते, तर समोर एक उंच माणूस बुटक्या पाइनला घट्ट धरून उभा. एक पाय मांडीपर्यंत शेवाळात रुतलेला.

"झाड सोडा," मी म्हटलं. "ते तुमच्यापेक्षा नाजूक आहे."

"सोडलं तर मी जाईन," तो शांतपणे म्हणाला.

"जाल कुठे? दोन मीटरवर तळ आहे."

मी काठी पुढे केली. माणूस वर आला, बूट खालीच राहिला. मग दोघं पोटावर आडवे पडून अर्धा तास बूट शोधत होतो... ओळख झाली ती अशी.

तो आर्तु, ओउलू शहरातून आलेला. दलदलीतल्या झाडाझुडपांनी किती कार्बन साठवलाय ते मोजायचं त्याचं काम. खोडांचा घेर घ्यायचा, ठेंगणी बर्चची झुडपं कापून वाळवायची, तोलायची. वाट दाखवायला कुणीतरी हवं, असं तो बाबांना म्हणाला. बघत मात्र माझ्याकडे होता.

तो आमच्या अंगणापलीकडच्या खोलीत राहिला, आणि उन्हाळाभर आम्ही चिखल तुडवला. डास हाकलायला त्याचा हात माझ्या कानाशी यायचा आणि जरा जास्तच रेंगाळायचा. एकदा मी विचारलं, गेला का डास? म्हणाला, "केव्हाच."

बाबांचाही त्याच्यावर जीव जडला. तरुणपणी त्यांनी चर खणून अर्ध्या दलदलीतलं पाणी काढलं होतं. तिथे आता सरळसोट पाइनचं रान होतं. त्यातली एक बाजू आईच्या आवडीची; ती गेल्यापासून ते रोज तिथे फिरायचे. चर राखायचे की बुजवून दलदलीत पाणी परत आणायचं, हे आर्तुची मोजणी सांगेल तसं करू, असं त्यांनीच कबूल केलं होतं. उत्तर आपल्याच बाजूचं येणार, याची त्यांना खात्री होती. त्याच्यासाठी ते सौनाची, म्हणजे वाफेच्या अंघोळीची, खोली तापवायचे, मासा भाजायचे.

ऑगस्ट सरता सरता आर्तु गप्प गप्प राहू लागला. मी खोदून विचारलं तेव्हा बोलला. झाडांनी पुष्कळ साठवलं होतं. पण पाणी गेल्यामुळे खालची हजारो वर्षांची काळी माती कुजत होती, आणि झाडं धरतात त्याहून जास्त कार्बन हवेत सोडत होती. अहवाल टपालानं पाठवतो, म्हणाला.

"समोर सांगितलं तर ते मला दारात उभं करणार नाहीत. आणि मग तुम्ही..."

"टपालानं पाठवलात तर मीच उभं करणार नाही."

त्यानं समोर बसून सांगितलं. बाबांची कॉफी निवून गेली.

"म्हणजे मी चुकलो?"

"तेव्हा सगळेच खणत होते."

"मी सगळ्यांचं नाही विचारलं."

आर्तुनं मान खाली घातली. "हो... चुकलात."

बाबा उठून रानात गेले. तीन दिवस ते फक्त जेवायला घरी यायचे. मी चूल पेटवायची, जेवण वाढायची, आणि खिडकीतून आर्तुच्या खोलीकडे बघायची. तो निघून जाईल असं वाटायचं. गेला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बाबा अंगणात तीन फावडी घेऊन उभे होते. "उत्तरेकडचा चर आधी," ते म्हणाले. "तुझ्या आईचं रान माझ्या माघारी काय ते करा. आणि त्या शहरवाल्याला उठव. सांगायला सोपं असतं. खणायला ये म्हणावं."

संध्याकाळी चर अडवणारा मातीचा बांध पुरा झाला. कंबर धरत बाबा घरी गेले. चरात पाणी अगदी सावकाश चढत होतं... आम्ही काठावर बसलो.

पाणी परतल्यावर झाडाझुडपांचं काय होतं, ते दरवर्षी मोजावं लागेल, आर्तु म्हणाला.

"किती वर्षं?"

"वीस तरी. इथेच राहून." त्यानं फावडं बाजूला ठेवलं. "मोजणी निमित्त आहे, इल्मा. मला तुझ्याजवळ राहायचंय."

पहिल्यांदाच त्यानं मला 'तू' म्हटलं होतं. चिखलानं माखलेले त्याचे हात मी माझ्या तितक्याच माखलेल्या हातांत घेतले.

"मग निमित्त कशाला हवं?" मी म्हटलं. "राहा ना... तू."