बाईसाहेबांची मेणबत्ती

डिसेंबरच्या तेरा तारखेला दुपारी तीनच्या सुमाराला टॅमसिन डार्च एक मेणबत्ती, एक लोकरी शाल आणि सासूच्या बोलण्यांची शिदोरी घेऊन चर्चकडे निघाली.

काम तसं सोपं होतं. चर्चमध्ये सर वॉरिन आणि त्यांच्या पत्नी लेडी आयडोनी यांची कबर होती. वर दोघांच्या दुधी दगडाच्या मूर्ती शेजारी शेजारी उताण्या निजलेल्या, हात छातीवर जोडलेले, चिलखतातल्या सर वॉरिन यांच्या पायाशी सिंह, बाईसाहेबांच्या पायाशी कुत्रं. त्या कबरीजवळ मेणबत्ती लावायची आणि ती संपेपर्यंत बाकावर बसायचं. उठायचं नाही, बोलायचं नाही. ती विझली की एकच वाक्य म्हणायचं, "बाईसाहेब, अजून आले नाहीत." मग पाद्रीसाहेबांकडून एक पाव आणि जळणाची मोळी घेऊन घरी जायचं.

हे साडेपाचशे वर्षांहून अधिक काळ चालत आलं होतं. सर वॉरिन राजाच्या फौजेबरोबर फ्रान्सला गेले ते गेलेच. बाईसाहेबांनी वाट पाहिली, केस पांढरे होईतो पाहिली, आणि शेवटी दोघांची कबर बांधून एकट्याच तिच्यात जाऊन निजल्या. सर वॉरिन यांची बाजू आतून रिकामी. जाताना चर्चला शेत दिलं आणि अट घातली, की मी पाहू शकणार नाही, तर दरवर्षी कोणीतरी माझ्या वतीने वाट पाहावी. आणि जिचा नवरा घरी आलेला नाही, अशाच बाईने बसावं.

गेली चाळीस वर्षं तो मान म्हाताऱ्या अ‍ॅग्नेस टकरचा होता. तिचा नवरा खलाशी. यंदा पानगळीत अ‍ॅग्नेस वारली. मरायच्या आधी तिने टॅमसिनला जवळ बोलावून सगळं समजावलं होतं.

"घाबरायचं नाही. काही होत नाही. उंदीर सोडला तर कोणी येत नाही."

"आणि ते आले तर?"

अ‍ॅग्नेस बोळक्या तोंडाने हसली होती. "ते बिचारे दरवर्षी येत असतील गं. पण त्यांच्या वेळचं दार माझ्या आजोबांनी विटांनी बुजवलं. भिंतीवर डोकं आपटून परत जात असतील. आणि नवं दार हे असं. उचलून गुडघ्याने ढकलल्याशिवाय पाद्र्यालासुद्धा उघडत नाही!" मग हसू थांबवून ती म्हणाली, "पण उठू नकोस हं. बसलेली उठली, की वाटेवरचा माणूस वाट चुकतो."

टॅमसिनचा नवरा रूबेनही फ्रान्सलाच लढायला गेला होता. तीन वर्षांपूर्वी तार आली, 'बेपत्ता'. युद्ध संपूनही आता दोन वर्षं झाली. गावात नवरे गमावलेल्या बायका होत्या, पण त्यांना निदान मेल्याचं कळलं होतं. वाट पाहणारी अशी टॅमसिनच उरली होती.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं. चर्चच्या भिंतीवर युद्धात गेलेल्यांची शिळा बसली होती. अकरा नावं कोरून झाली होती, खाली बोटभर जागा सोडली होती. पाथरवट नाताळनंतर परत येणार नव्हता.

"बायकोने सांगितल्याशिवाय नाव घालत नाहीत म्हणे," केझाया म्हातारी आज सकाळी पुन्हा कडाडली होती. "त्याला थडगं नाही. मी बोट कशावर फिरवू? तुझ्या हट्टावर?"

"नाव कोरलं की तो मेला, आई."

"आणि नाही कोरलं तर घरी येऊन चहा मागणार आहे का?"

दोघींचंही दुःख खरं होतं, आणि एकाच छपराखाली दोन दुःखं राहिली की भांड्याला भांडं लागतंच.

चर्चमध्ये ओल्या दगडाचा आणि जुन्या तेलाचा वास होता. तिने मेणबत्ती लावली आणि शाल घट्ट लपेटून बसली. चार वाजायच्या आतच खिडक्यांतला उजेड गेला. मग बाहेरचं जग उरलंच नाही. उरला तो मेणबत्तीच्या उजेडाचा एक तुकडा आणि त्यात दोन दगडी चेहरे, छताकडे पाहणारे. बाईसाहेबांच्या गालावर सावली हलत होती. टॅमसिनला त्यांची भीती वाटेना, उलट कीव आली. इतकी वर्षं दरसाल तेच वाक्य ऐकायचं म्हणजे काय!

मेणबत्ती दोन बोटं उरली तेव्हा बाहेर खडीवर पावलं वाजली.

दोन माणसांची. एकाचं चालणं जड, दमलेलं, प्रत्येक पावलाला लोखंड किणकिणत होतं. दुसरं खिळे ठोकलेल्या बुटांचं, सावकाश, जोडीदाराला सांभाळून घेत चाललेलं. ती बुजवलेल्या दाराकडे वळलीच नाहीत. थेट पुढच्या दाराशी आली आणि थांबली.

मग दाराबाहेरच्या लोखंडी पट्टीवर बूट खरवडल्याचा आवाज आला. डावा. पुन्हा डावा. मग उजवा, एकदाच.

घरात चिखल आणतो म्हणून लहानपणी आईचा मार खाल्ल्यापासून रूबेन असाच बूट खरवडायचा. डावा दोनदा, उजवा एकदा. झोपेतून उठवलं तरी चुकायचा नाही.

कडी उचलली गेली. गुडघ्याचा धक्का बसला. दार उघडलं.

गार वारा आत आला आणि ज्योत आडवी झाली. वाऱ्याबरोबर एक वास आला... ओल्या लोखंडाचा, चिखलाचा, फार दिवस पाण्यात राहिलेल्या कापडाचा. आत आलं ते लोखंडाचं पाऊल. एकटंच. खिळ्यांचे बूट दाराबाहेरच उभे राहिले.

रूबेन, ती मनातल्या मनात म्हणाली. आत ये ना रे...

बूट जागच्या जागी जरासे हलले. थंडीत उभा राहून वाट पाहताना तो हलवायचा, तसेच.

वीस पावलांवर दार होतं. उठावं आणि धावत सुटावं! पण लोखंडाचं पाऊल अजून अर्ध्या वाटेवर होतं, अंधारात चाचपडत येत होतं. बसलेली उठली, की वाटेवरचा माणूस वाट चुकतो. कोणता माणूस? आतला, की बाहेरचा? अ‍ॅग्नेसने ते सांगितलं नव्हतं.

टॅमसिनने दोन्ही हातांनी बाकाची कड धरली आणि बसून राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही तिने हात सोडला नाही. त्या बसण्याबद्दल तिने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

पाऊल तिच्याजवळून गेलं. दिसलं काहीच नाही, पण शालीची कड ओली झाली. मग दगड करकरला. झोपलेल्या बायकोला जाग येऊ नये म्हणून नवरा अंधारात पलंगावर हळूच अंग टाकतो, तितकाच आवाज.

मेणबत्ती विझली.

"बाईसाहेब," टॅमसिन पुटपुटली, "आले..."

आणि ती धावली. "रूबेन! रूबेन!" दाराबाहेर कोणी नव्हतं. खडीवरून खिळ्यांचे बूट दूर जात होते, सावकाश, न थांबता. फाटक वाजलं. मग काहीच नाही. तिने खाली बसून लोखंडी पट्टीवर हात फिरवला. चिखल ओला होता. तो तिने रुमालात गुंडाळला.

घरी दिव्याखाली तिने रुमाल उघडला. त्यांच्या गावची माती विटेसारखी तांबडी. ही करडी होती, निळसर झाक असलेली आणि चिकट. टॅमसिनने सगळं सांगितलं. केझाया म्हातारी ती माती बोटांत चोळत राहिली.

"डावा... दोनदा?"

"दोनदा."

"मग घरी का नाही आला गं?" म्हातारी लहान पोरासारखी रडायला लागली. "दारापर्यंत येऊन असा कसा गेला?"

रूबेन गाडीवान होता. दर शुक्रवारी बाजारातून गावकऱ्यांना आणायचा. धुकं असो, बर्फ असो, त्याच्या गाडीत बसलेलं माणूस कधी वाट चुकलं नाही.

"आई," टॅमसिन सासूचे मातीने भरलेले हात धरून म्हणाली, "शेवटचं माणूस त्याच्या दारात उतरवल्याशिवाय तो घरी आलाय का कधी? तिकडे अजून पुष्कळ असतील."

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः पाथरवटाला नाव सांगितलं. रविवारी केझायाने त्यावर बोट फिरवलं, प्रत्येक अक्षरावरून, दोनदा.

त्याच रविवारी पाद्रीसाहेबांचं कबरीकडे लक्ष गेलं. बाईसाहेबांची मूर्ती आजवर छताकडे पाहत आलेली. आता तिची मान एका बाजूला वळली होती. दगडाला तडा नाही, चूर नाही. सगळं गाव बघायला लोटलं.

"बघा," कोणीतरी म्हणालं, "नवऱ्याकडे नाही वळली, दाराकडे वळली! दगडाची झाली तरी बायकोचा रुसवा जात नाही." लोक हसले. टॅमसिन मात्र हसली नाही.

पुढच्या वर्षी तेरा तारखेला ती पुन्हा जाऊन बसली. का, ते पाद्रीसाहेबांनी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. त्या दुपारी कोणी आलं नाही. खडी वाजली नाही, पट्टी वाजली नाही. मेणबत्ती तळाशी गेली, एकदा मोठी झाली आणि विझली. ठरलेलं वाक्य म्हणायला टॅमसिनने सवयीने तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं, की आता सांगायचं असं काही नाही.

तेव्हा अंधारात तिच्या शेजारून, दगडाच्या उंचीवरून, एका बाईचा आवाज आला. घोगरा, हळू, वाईट बातमी सांगताना जीव तुटावा तसा.

"अजून आले नाहीत गं..."