सोन्याच्या तारेतलं नाव

काम रोजच्यासारखंच होतं. मेम्फिसात प्ताह देवाच्या देवळामागे आम्हा धातुकारांच्या खोल्या आहेत. ओतून आलेल्या मूर्तींवर सोन्याचांदीची तार ठोकायची, हे माझं काम. त्या दिवशी होरखेब मुकादम सकाळीच आला, काखेत कापडात गुंडाळलेली मूर्ती.

"बोक्या, हिच्या कमरेवरचं नाव काढ आणि हे नवं बसव."

माझं नाव पामीउ, म्हणजे बोकाच. त्यामुळे ही थट्टा जन्माची.

मी कापड सोडलं. हातभर उंचीची बाई, काळ्या काशाची. तिच्या वस्त्रावर चांदीच्या तारेनं देव काढलेले, पक्षी, बोरूची बेटं. इतकं बारीक काम, की करणाऱ्याचे डोळेच गेले असतील. कमरेपाशी सोन्यात नाव होतं : मुतिर्दिस, देवळातली गायिका.

माझा हात थांबला. "मुकादम, माझ्या मुलीचं नाव हेच होतं."

"अरे, मेम्फिसात शंभर मुतिर्दिस निघतील! हिच्या मागे कुणी उरलं नाही. सरदाराच्या आईसाठी मूर्ती हवीय, नवी ओतायला वेळ नाही. उगाच हळवा होऊ नकोस."

नाव पुसलं की मेलेलं माणूस दुसऱ्यांदा मरतं, हे आमच्याकडे पोरंही जाणतात. पण हुकूम तो हुकूम.

दुपारी दक्षिणेचा वारा सुटला. वाळूनं सूर्य गिळला, आणि भर दुपारी मला दिवा लावावा लागला. बारीक छिन्नीनं मी तारेचं टोक उचललं नि हलकेच ओढलं. एकेक अक्षर खोबणीतून सुटू लागलं. प्रत्येक अक्षरासरशी एक वास यायचा... एरंडेल चोपडलेल्या लहान मुलाच्या केसांचा. मी दोनदा मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. शेवटची तार निघताना बारीकसा आवाज झाला. कुणी श्वास आत घ्यावा आणि सोडूच नये, तसा.

आमची मुती सहा वर्षांची असताना तापानं गेली. त्यानंतर नदीला चार पूर येऊन गेले होते. माझी बायको इरेतेरू रोज संध्याकाळी तिच्या नावाची छोटी भाकरी कोनाड्यात ठेवायची. त्या संध्याकाळी कोनाडा रिकामा होता.

"मुतीची भाकरी?"

"कुणाची?"

"मुतीची गं."

"आता ही कोण नवी शोधलीत?" ती हसली. चेष्टेनं नाही, अगदी मोकळं हसली. चार वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

खरं सांगतो, क्षणभर वाटलं, राहू दे असंच. निदान हिचं दुःख तरी गेलं. पण मग मनात आलं, आता मुती एकट्या माझ्याजवळ उरली. मी मेलो की...?

मी तसाच वाळूतून परत कामाच्या खोलीत गेलो. कमरेवर आता सरदाराच्या आईचं नाव येणार, तिथं जुनं घालणं शक्य नव्हतं. पण मूर्तीच्या पायाखाली खुंटी असते, ती लाकडी बैठकीत जाते. तिथं कुणी पाहत नाही. काढलेली तीच तार घेतली, खुंटीवर खोबण कोरली आणि पुढच्या 'देवळातली गायिका'सकट नाव जसंच्या तसं ठोकून बसवलं. घाईत दोन अक्षरं वाकडी आली.

घरी आलो तेव्हा वारा पडला होता. इरेतेरू अंगणात जात्यापाशी बसून रडत होती.

"मी कशी विसरले हो तिला? पोटच्या पोरीला?"

मी तिला जवळ घेतलं. माझ्याही डोळ्यांना धार लागली. मुती तिच्या आठवणीत परत आली होती, एवढंच मला पुरे होतं.

"किती गोड गायची हो ती," डोळे पुसत इरेतेरू म्हणाली. "मी दळायला बसले, की माझ्या पाठीला टेकून गायची... आठवतं ना तुम्हाला?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार? आमची मुती जन्मापासून मुकी होती.

याला आता बरीच वर्षं झाली. इरेतेरूशी मी याबद्दल कधी बोललो नाही, आणि आता बोलायची सोयही राहिली नाही. कारण गेल्या पुरापासून जात्याचा आवाज सुरू झाला, की मलाही ते गाणं आठवायला लागलंय... अगदी शब्दांसकट.