बिनसुईचं इंजेक्शन

'टक्!' एवढाच आवाज झाला आणि जागृतीने सासूच्या पोटावरून ते पेनाएवढं यंत्र उचललं. "झालं आई, चला जेवायला."

झालं? विमलबाईंचं मन त्या एका शब्दाशीच अडून बसलं... ना सुई, ना टोचणं, ना रक्ताचा थेंब! त्यांचे यजमान कमळाकर होते तोवर बारा वर्षं तेच रोज इन्सुलिन टोचत. विमलबाई कळवळायच्या, पण औषध अंगात गेल्याची खात्री तरी पटायची. ते गेले आणि सुनेने सुईच घराबाहेर काढली! म्हणे दाबाने औषध कातडीतून आत जातं. मग पोटावर हा ओलावा कसला? नुसतं पाणी उडवते ही! म्हणून यंत्र टेकलं की विमलबाई गुपचूप श्वास रोखून पोट आत ओढून घ्यायच्या. त्या खोट्या औषधाचा स्पर्शही नको, असा त्यांचा हट्ट.

साखर मात्र चढतच होती. आकडा तीनशेपार गेला आणि बोनकोड्याच्या त्या घरात सासूने सुनेवर पाळत ठेवायला सुरुवात केली. दुपारी जागृती आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची आणि आतून तोच आवाज यायचा... एकदा, दोनदा, तीनदा! अगं बाई, माझं औषध देते तरी कुणाला ही?

एकदा ती भाजीला गेल्याचं पाहून त्यांनी तिचं कपाट उघडलं. साड्यांच्या मागे एक छोटी बाटली होती. तिच्यावरचं इंग्रजी त्यांना वाचता येईना, म्हणून त्यांनी थेंबभर जिभेला लावलं... खारट! मिठागरात हाडं झिजवलेल्या बाईची जीभ, ती काय चुकणार? विमलबाईंनी बाटली पदराआड लपवली. जिला पोटच्या लेकीसारखं मानलं, तिनेच असा विश्वासघात करावा!

संध्याकाळी त्यांचा मुलगा धनेश ऐरोलीहून ऑफिस सुटून घरी आला. त्याने अजून बूटही काढले नव्हते, तोच विमलबाईंनी बाटली त्याच्यापुढे धरली.

"बघ रं, मिठाचं पानी हाय! तुझी बायको मना रोज ह्योच मारते!"

धनेशचा चेहरा लाल झाला. "जागृती, आईची शुगर तीनशे आणि तुझ्या कपाटात हे? काय चाललंय काय? खरं सांगायचं नसेल तर आत्ताच्या आत्ता माहेरी जा!"

जागृती हळूच म्हणाली, "ते... माझ्यासाठी आहे."

"तुला कनचा आजार झालाय गो?" विमलबाई कडाडल्या.

तिने खाली मान घालून कुडत्याची कड थोडी वर केली. गोऱ्या पोटावर निळेजांभळे डाग उमटले होते, काही जुने, काही कालचेच!

"यंत्र जरा तिरकं टेकलं की असं होतं, आई. हे यंत्र शिकवायला कंपनीच्या बाई आल्या होत्या ना, त्यांनी हे सलाईन सरावाला दिलं. मोसंबीवर करून बघा म्हणाल्या. पण मोसंबीला दुखतं कुठे?" तिला हुंदका आवरेना. "तुमच्या अंगावर डाग नको, म्हणून आधी माझ्यावर केलं... मग तुमची शुगर वाढली. वाटलं, माझाच हात चुकतोय. म्हणून परत सुरू केलं..."

विमलबाईंनी नकळत आपल्या पोटावरून हात फिरवला. इतक्या महिन्यांत एक ओरखडा नव्हता! सारं अंतःकरण पश्चात्तापाने भरून आलं... मुलासमोर कबूल करणं मरणाहून कठीण होतं, तरी त्या बोलल्या.

"तुझा हात नाय चुकला, बाय. तू टेकवलंस का मी पोट आत घेयाची. औषध भायेरच सांडायचं, आत जाऊच दिलं नाय मी... धनेश, माहेरी धाडायचं तं मना धाड."

धनेशला वर बघवेना. विमलबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि हळद कालवून वाटी घेऊन आल्या. त्यांचा हात त्या डागांवर टेकला तशी जागृती डोळे पुसत म्हणाली, "आई, तुमच्या औषधाची वेळ झाली. ते आधी घेऊ..."

"थांब गो," विमलबाई म्हणाल्या, "आदी तुझं."