लाल मडगार्डला एक होल

श्रावणातली भुरभुर चालू होती. रविवार कारंजाच्या सिग्नलला एक लाल, जुनी, दोन दारांची स्पोर्ट्स कार उभी होती आणि तिच्यातला रेडिओ पापड तळल्यासारखा आवाज करत होता. शेजारच्या स्कूटरवरच्या मुलीने काचेवर टकटक केलं.

"अँटेना नाहीये तुम्हाला."

स्टिअरिंगवरच्या महेशने स्वतःकडे एकदा पाहून घेतलं. "गाडीला म्हणताय ना?"

"सध्या गाडीचंच बोलतेय."

तिने कार्ड दिलं : मंजुषा, ऑटो इलेक्ट्रिशियन, पंचवटी. तेवढ्यात सिग्नल सुटला आणि मागच्या रिक्षावाल्याने दोघांच्याही घराण्याचा आदरपूर्वक उल्लेख केला.

गाडी महेशच्या वडिलांची. ओझरच्या कारखान्यात विमानं जोडण्यात त्यांचा जन्म गेला; स्वतःची हौस म्हणून ही एकच गोष्ट घेतली. गाडीत बसून रेडिओ ऐकायचा, एवढंच त्यांना हवं होतं. अँटेना बसवायची राहिली, आणि मागच्या वर्षी ते गेले.

म्हणून मोटरवर चालणारी अँटेना ठरली… रेडिओ लावला की दांडी आपोआप वर, बंद केला की आत. काम एका दुपारचं. महेश त्यासाठी आठवडाभर येत राहिला. मंजुषाही जोडलेल्या वायरी सोडून पुन्हा जोडत राहिली. त्या वायरींत तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शेवटी मडगार्डला होल पाडायचं तेवढं राहिलं. त्याच दिवशी कॅनडाहून महेशच्या मोठ्या भावाचा फोन आला. गाडीला मुंबईचं गिऱ्हाईक मिळालंय, ती विकून टाक आणि कायमचा इकडे ये. जुन्या गाड्यांच्या त्या शौकिनाची अट एकच : मूळ पत्र्याला हात लागलेला नको.

मंजुषाने ड्रिल खाली ठेवलं. "मग राहू द्या," म्हणाली आणि चहा सांगितला. दोघांनी तो पूर्ण गार करून प्यायला.

शनिवारी सकाळी तिने शटर उघडलं, तर महेश गाडीसह समोर.

"होल पाडा."

"गिऱ्हाईक?"

"दुपारी येतंय."

"होल पाहून परत जाईल."

"जाऊ दे की."

"आणि भावाला काय सांगणार? गाडी खपली नाही, म्हणून आलो नाही?" तिने हात पुसले. "महेशराव, पत्र्याला होल पडलं की वेल्डिंग करूनही खूण राहते. गाडीच्या आडून बोलू नका. कशासाठी थांबताय?"

महेशने वाकून टायरची हवा दाबून पाहिली.

"तुमच्यासाठी," तो म्हणाला. "अँटेना नसती, तरी बोललो असतो. फक्त… वर्षभराने वगैरे."

मंजुषाने कुंकवाची डबी पुढे केली. तिच्या वडिलांची, अण्णांची रीतच होती : होलची जागा मालकाने कुंकवाने दाखवायची, म्हणजे मागाहून तक्रार नको. महेशने मडगार्डवर ठिपका ठेवला; लालावर लाल, जेमतेम दिसला. लाल बोट मात्र हवेतच राहिलं. त्याने बोटाकडे पाहिलं… मग तिच्या कपाळाकडे.

"चिंधी तिकडे आहे," ती म्हणाली. कान मात्र लाल झाले होते. "आणि अण्णा संध्याकाळी घरीच असतात."

मग ड्रिल सुरू झालं, त्यामुळे महेश काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. होकाराची मान मात्र तो केव्हापासून हलवत होता.