गोल्फच्या जॅकेटची शिवण

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांतल्या एकाचाही बसला नाही, आणि एक गृहस्थ तर चहा अर्धा टाकून उठून गेले. पण गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. तिकडे खिडकीपाशी माझ्या शर्टाला बटण लावत बसल्या आहेत ना, त्या बाईंकडे बघू नका. त्यांनी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की मी तोंड उघडलं की त्यांचे कान आपोआप मिटतात.

तर, गोल्फच्या मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक कपड्यांचं दुकान होतं. पुढे मामा विकायचे आणि मागे, पडद्याआड, त्यांची भाची मशीनवर बसून कुणाच्या बाह्या आखूड करायची, कुणाची कंबर ढिली करायची. हात असा की तिने घातलेला टाका शोधायला लोक भिंग घेऊन यायचे, आणि टाका राहायचा बाजूला, भिंगातून तिलाच बघत बसायचे.

त्या दुपारी मामा जेवायला गेले होते. बाहेर वारा सुटला होता. दार धाडकन उघडलं आणि वाऱ्याने एक तरुण आत आणून टाकला. अंगात थोरल्या भावाचा कोट, काखेत इतका घट्ट की त्याला हात खाली सोडता येत नव्हते. पेंग्विनसारखा उभा होता. तिला हसू आलं, ते तिने दोऱ्याबरोबर दातांत धरून ठेवलं.

तो दातांचा डॉक्टर होता, शिकून नुकताच बाहेर पडलेला. शहरातले सगळ्यांत मोठे दातांचे डॉक्टर दर रविवारी गोल्फ खेळायचे आणि दवाखान्यात जोडीला कुणाला घ्यायचं ते मैदानावरच ठरवायचे. महिनाभर त्यांच्याबरोबर खेळायचं त्याला बोलावणं आलं होतं.

"मला असं जॅकेट दाखवा," तो म्हणाला, "की ते घातल्यावर मला खेळता येतं असं वाटेल."

"येतं का?"

"नाही."

"मग जॅकेट जरा चांगलंच लागेल."

त्याने जुन्या कोटाचे खिसे काउंटरवर रिकामे केले. किल्ल्या, रुमाल, आणि बारीक टोकाची एक स्टीलची आकडी. ही कशाला, असं तिने विचारलं. दात तपासायची आहे, सवयीने खिशातच राहते, असं म्हणून तो कानापर्यंत लाल झाला.

आता त्या दुकानाची एक रीत होती. आरशासमोर नुसतं उभं राहून कुणाला जॅकेट घेता यायचं नाही. हातात मिटलेली छत्री द्यायची आणि गिऱ्हाइकाने ती गोल्फच्या काठीसारखी मागे नेऊन पुढे फिरवून दाखवायची. कापड खांद्यात अडलं, पाठीवर चढलं किंवा बाही मनगटावरून कोपराकडे पळाली, तर जॅकेट कितीही देखणं असो, मामा ते गिऱ्हाइकाच्या अंगातून काढून घ्यायचे.

पहिलं जॅकेट चमकदार होतं. त्यात तो सिनेमातल्या नटासारखा दिसत होता, पण छत्री कमरेच्या वर जाईना. दुसरं पावसाळी, ऐसपैस. हात मोकळे फिरत होते, पण प्रत्येक हालचालीला चिवड्याची पिशवी फोडल्यासारखा आवाज.

"यात तुम्ही चेंडू मारायच्या आधी तो दचकून पळेल," ती म्हणाली.

तिसरं तिने स्वतःहून काढलं. सुपारीच्या रंगाचं, हलकं, आतून मऊ अस्तर, आणि खांद्याच्या मागे दोन लपलेल्या चुण्या… हात वर गेला की उघडणाऱ्या, खाली आला की गुपचूप मिटणाऱ्या. तिने मागे उभं राहून कॉलर सारखी केली. बोट मानेला लागलं असेल किंवा नसेल. आरशात दोघांची नजर भेटली, आणि दोघांनीही घाईघाईने छत्रीकडे पाहिलं.

"फिरवा," ती म्हणाली.

त्याने फिरवली. ऐन मध्यावर छत्री उघडली, दारातून वारा आत आला, आणि त्याने या गृहस्थाला अलगद उचलून थेट टोप्यांच्या वरच्या फळीवर नेऊन बसवलं. तिने शिडी लावून त्याला उतरवलं. हसताय काय. खिडकीपाशी कुणाला खोकला आला तरी गोष्ट थांबणार नाही. सांगायचा मुद्दा असा की एवढं होऊनही जॅकेट कुठेही अडलं नाही.

सोमवारी तो परत आला. खांद्याची शिवण उसवली होती. तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि शिवून दिली. पुढच्या सोमवारी तीच शिवण, तीच जागा. मामा चिडले, माझ्या दुकानातलं जॅकेट आजवर कधी उसवलं नाही म्हणाले. डॉक्टर म्हणाला, मी फार जोरात मारतो. मग चेंडू कुठवर जातो, असं मामांनी विचारलं, तर कळलं की बहुतेक वेळा तो जागचा हलतच नाही.

ती शिवायची तेव्हा तो पडद्यापाशी स्टुलावर बसायचा. बोलणी साधीच. तो दवाखान्याच्या वासाबद्दल बोलायचा, ती चुकीच्या मापांबद्दल. एकदा तिने विचारलं की माझे दात कसे आहेत. त्याने नीट पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला, "मी अजून दातांपर्यंत पोचलो नाही."

त्या दिवशी तिच्या बोटात सुई गेली.

तिसऱ्या सोमवारी तिने त्याला सांगितलं. दुसऱ्या शहरातल्या एका नाटक कंपनीने कपडे शिवायला बोलावलं होतं. राजाराण्यांचे, सैनिकांचे, भुतांचे कपडे. लहानपणापासून तिला तेच करायचं होतं. महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं आणि ते तिने मनाशी ठरवलंही होतं. फक्त त्याने काहीतरी म्हणावं… थांब म्हणू नये, पण काहीतरी म्हणावं, असं तिला फार वाटत होतं.

तो बराच वेळ आकडीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "चांगलं आहे." आणि जॅकेट घेऊन निघून गेला.

तिने त्या रात्रीच होकार कळवला.

शेवटच्या सोमवारी ती आपली कात्री, टेप, शिवताना बोटात घालायची टोपी एका डब्यात भरत होती. दार उघडलं. या वेळी वारा नव्हता, तो स्वतःच आला होता. जॅकेट टेबलावर ठेवलं. शिवण उसवलेली.

"काल ठरलं असेल ना," ती डब्यातून नजर वर न करता म्हणाली. "घेतलं त्यांनी?"

"घेत होते. मी नको म्हणालो."

"का?"

"तुम्ही गेल्यावर हे कोण शिवणार?"

"इथे दुसरे शिंपी आहेत की."

"आहेत," तो म्हणाला. मग खोल श्वास घेतला, छत्री फिरवण्याआधी घ्यायचा तसा. "आणि दात काय… दात सगळ्याच शहरांत असतात."

तिने सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा काही केल्या जाईना. शेवटी त्याने तिच्या हातातून सुई घेतली आणि एका खेपेत ओवून दिली.

आणि मग, मंडळी, तिने कबूल केलं. डोळ्यांत पाणी आणून कबूल केलं की जॅकेटचा काही दोष नव्हता. या देखण्या डॉक्टरवर तिचं पहिल्याच दुपारी मन जडलं होतं, आणि तो परत परत यावा म्हणून दर वेळी तीच मुद्दाम कच्चा दोरा वापरत होती. बिचारा तो, त्याला यातलं काहीच…

"खोटं."

खिडकीपाशी दोरा दातांनी तुटल्याचा आवाज आला. बटण लावून झालं होतं.

"कच्चा दोरा माझ्या हातून कधी कुणाच्या कपड्याला लागलेला नाही. दुपदरी घातला होता, पक्का. आणि अहो, शिवण ओढून फाटली असती तर दोरा तुटलेला दिसला असता. तिथे एकेक टाका वेचून काढलेला होता, कापडाला ओरखडा नाही. मला पहिल्याच खेपेला कळलं होतं. असं काम एक तर शिंप्याचं, नाहीतर दातांच्या डॉक्टरचं. आणि शिंपी तर मीच होते."