डाव्या हाताची हत्यारं

"हळू जरा. एवढं तासलंस तर उद्याला काय उरेल? लाकूड काय झाडाला लागतं?"

मागच्या खोलीतून नवऱ्याचं पुटपुटणं ऐकू आलं आणि दोरीवर कपडे टाकता टाकता ती हसली. लाकूड झाडालाच लागतं, हे त्याला सांगायला हवं होतं. पण हत्यारांशी बोलायची त्याची सवय जुनी. रंध्याला रागवायचा, पटाशीची समजूत काढायचा. बायकोच्या वाट्याला यातलं निम्मंही येत नसे.

नोकरीत तो नकाशे काढायचा. पट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा माणूस, अशी त्याची ख्याती होती. निवृत्तीनंतर सुतारकामाच्या नादी लागला, आणि हा नाद स्वस्तातला नाही हे तिला सहा महिन्यांतच कळलं. एक फळी कापायची तर म्हणे तीन तऱ्हेच्या करवती लागतात. लाकूड घट्ट धरायला चार शिकंजे आले, त्यांना एकटं वाटू नये म्हणून आणखी चार आले. पलंगाखाली दडवलेलं ड्रिल तिच्या झाडूला लागलं, त्या दिवशी तिने कायदा केला. एक हत्यार घरात आलं की एक बाहेर जाईल. येणारंही नवं नाही, जुनं. दुकानात आपलं देऊन त्यांचं घ्यायचं आणि वरचा फरक तेवढा भरायचा. ती घरी बसून लोकांचे कपडे उसवून, पुन्हा बेतून शिवून द्यायची, त्यात तो फरक निघायचा. त्यानेही कायदा मुकाट्याने पाळला. तिला वाटलं, जिंकलो आपण.

यंदा तो लेकीच्या बाळासाठी पाळणा करत होता. बाळ यायला महिना उरला होता.

आणि त्याचे हात थरथरत होते.

हे घरात कुणी बोलत नव्हतं. ती त्याचा कप अर्धाच भरायची, "दूध संपलंय हो," म्हणायची. लेक फोनवर सांगायची, "बाबा, लिहून नका पाठवू, बोलूनच पाठवा. मला तुमचा आवाज आवडतो." शर्टांची बटणं काढून तिने तिथे वेल्क्रोच्या चिकटपट्ट्या शिवल्या होत्या. "हल्ली अशीच फॅशन आहे," ती म्हणाली. "बरी आहे की," तो म्हणाला. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

पाळण्याच्या पहिल्या फळीवर कुरतडल्यासारखे खड्डे पडले होते. ती फळी त्याने उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली. ते पाहून तिने गुपचूप एका तयार पाळण्याची चौकशी करून ठेवली. पण विकत आणलेला पाळणा त्याच्यासमोर ठेवायचा कसा, हे काही तिला सुचेना.

मग काम अचानक सुधारलं.

रोज दुपारी ती शिलाई मशीनवर बसली की भिंतीपलीकडून रंध्याचा आवाज यायचा. संथ, एकसारखा. पाळण्याच्या चारी बाजू उभ्या राहिल्या. सांध्यांत तिने नख घालून पाहिलं, नख शिरेना. "सुधारलात हो," ती म्हणाली. त्याने फक्त मान हलवली. कौतुकाने फुगून चार दिवस तेच तेच सांगणारा माणूस, नुसती मान हलवतो?

खटकलं ते शर्टांमुळे. धुवायच्या आधी त्याचे खिसे उलटे करायचे, मूठभर भुसा झटकायचा, हा तिचा वर्षानुवर्षांचा उद्योग. आता खिशांतून काहीच पडत नव्हतं. बाह्या स्वच्छ. कॉलर स्वच्छ.

तो अंघोळीला गेला तेव्हा ती मागच्या खोलीत शिरली. जमिनीवर लाकडाच्या लांबच लांब साली पडल्या होत्या, कुठेही न तुटलेल्या, पारदर्शक. सगळ्या कामाच्या बाकाच्या डाव्या बाजूला. तिने रंधा उचलला आणि तो तिच्या हातात बसेना. मुठीवर अंगठ्याची खोलगट जागा झाली होती, पण नको त्या बाजूला. एकदा एका गिऱ्हाइकाची डावखुरी कात्री तिने चुकून उचलली होती, तेव्हा हात असाच गोंधळला होता. तिने पटाशी घेऊन पाहिली. ठोकायची मोगरी घेऊन पाहिली. सगळ्यांवर तोच अंगठा.

तिचा नवरा उजव्या हाताचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जुन्या हत्यारांच्या दुकानात गेली. काउंटरमागच्या फळीवर तिच्या घरातली हत्यारं ओळीने मांडलेली. त्याचा रंधा. तिने निळी चिंधी गुंडाळून दिलेली त्याची पटाशी. आणि काउंटरवर, अजून फळीवरही न चढलेली, त्याची पहिली करवत.

"आत्ताच देऊन गेले, वहिनी," दुकानदार म्हणाला. "तेवढी एकच राहिली होती त्यांची. आता पेटी पुरी झाली."

"कसली पेटी?"

"एका डावखुऱ्या सुताराची. तो गेल्यावर त्याची बायको घेऊन आली. म्हणाली, हत्यारं सुटी सुटी विकू नका, सगळी एकाच घरात जाऊ द्या. पण आख्खी पेटी कोण घेणार? साहेबच म्हणाले, मी एकेक करून नेतो. आमच्याकडे तसा नियमच आहे म्हणाले, एक घ्यायचं, एक द्यायचं."

तिचाच नियम. तिने फळीवरच्या रंध्याला बोट लावलं. तो कितीतरी दिवस न वापरल्यासारखा गार होता.

"हे परत द्याल?"

"देईन की. पण साहेबांना विचारा आधी. दुपारी येतीलच."

"दुपारी?"

"रोज येतात. तीन ते पाच. त्या स्टुलावर बसतात, गप्पा मारतात." दुकानदाराने खाली पाहत करवत पुसली. "चहा मी अर्धाच देतो त्यांना. सांडतो म्हणून नाही हो. असंच."

तीन ते पाच. शिलाई मशीनच्या वेळेला.

ती गल्लीतून परत निघाली. मागच्या खोलीला गल्लीकडे एक दार होतं, रोज दुपारी तो त्याच दाराने बाहेर पडत असणार. दार लोटलेलं होतं. त्याच्या पायरीवर नवरा बसला होता, दोन्ही हात मांडीखाली दाबून. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा.

आत रंधा चालला होता.

तिचे पाय थबकले. तो सरकला, पायरीवर तिच्यासाठी जागा केली.

"बस."

ती बसली. पाठीमागे, दाराच्या फळीपलीकडे, रंधा लाकडावरून सरकत होता. शेवटाला पोचला की उचलल्याचा आवाज. मग पुन्हा सुरुवात.

"आत कोण आहे?"

त्याने दाराकडे कान लावला.

"अहो, कोण आहे आत?"

"काम चांगलं करतो," तो म्हणाला. "घाई करत नाही. जरा जास्त तासतो कधी कधी, पण ऐकतो मी रागावलो की."

दार ढकलायला तिने हात उचलला. पाळण्याच्या सांध्यांत न शिरलेलं नख तिला आठवलं. लेकीने तिथे बाळ ठेवताना यांचा चेहरा कसा होईल, तेही दिसलं.

तिने हात खाली घेतला.

"कधी पुरा होईल?"

"आज होईल."

रंधा थांबला. आत कुणीतरी लाकडावरचा भुसा फुंकला. लांब, सवयीची फुंकर. दाराच्या फटीतून बारीक भुसा बाहेर आला आणि दोघांच्या खांद्यांवर बसला. तो उबदार होता.

तिने नवऱ्याच्या मांडीखालून त्याचा हात ओढून काढला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला. तो फडफडत राहिला. या वेळी तिने दुसरीकडे पाहिलं नाही.

"माझे हात गेले गं," तो म्हणाला.