उंबऱ्याची सिगारपेटी

ही ऐकीव गोष्ट नाही. पाडव्याच्या संध्याकाळी लातूरला, बहिणीच्या घरी, माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे.

बहीण आरती. तिचा नवरा विरूपाक्ष, म्हणजे आमचे दाजी, कोचिंग क्लासवाले. सगळी कमाई खणखणीत आवाजाची. पैसा आला आणि सिगारचं खूळ डोक्यात शिरलं.

कालपर्यंत बिडी मागून ओढणारा माणूस!

"सिगार सुकली की चव गेली, संगप्पा," दाजी मला शिकवायचे. "पेटीत ओल पाहिजे. अन् धूर गिळायचा न्हाई, तोंडात घोळवायचा."

बहीण पाण्याच्या टँकरची वाट बघतेय आणि हे महाशय सिगारींसाठी स्पंज भिजवताहेत. अशी चीड यायची!

पेटीला जुनं सागवान हवं होतं. यांनी काय आणावं? भूकंपात पडलेल्या घराचा उंबरा. त्या घरातली म्हातारी ढिगाऱ्याखालीच गेली होती. लाकडावर हळदीचे डाग तसेच होते.

"उंबरा हाय ओ त्यो," आरती म्हणाली. "कुणीतरी रोज पुजलेला."

"लाकडाला काय कळतंय?"

आणि पेटी झाली.

पाडव्याला दाजींनी ती माझ्यापुढे ऐटीत उघडली. पडक्या भिंतीसारखा ओल्या मातीचा वास आला...

त्यांनी एक सिगार काढून पेटी बंद केली, टोक कापलं. लायटरचा वास लागतो म्हणून काडीने पेटवली. झुरका घेतला.

"मातीची चव लागायलीय..." ते पुटपुटले. पण माझ्यासमोर टाकून कशी देणार? शान जाईल ना!

पुन्हा झुरका. टोक लाल झालं.

पण धूर बाहेर आलाच नाही...

ना तोंडातून, ना नाकातून.

तेवढ्यात बंद पेटीतून आवाज आला. टक्... टक्...

कुणीतरी आतून ठोकत होतं.

आरतीने झाकण उघडलं. आत फक्त सिगारी.

दाजींनी बोलायला तोंड उघडलं. आवाजच फुटेना.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. घसा साफ आहे म्हणाले. क्लास बंद पडला. पेटी आरतीने, उंबरा जिथून आणला त्या गावी नेऊन पुरली. फरक पडला नाही.

काल नांदेडला मला तिचा फोन आला. रडत होती.

"दादा, यांना आवाज फुटला..."

"मग रडतीस कशाला? दे त्यांना."

पलीकडे खोकल्याची उबळ. मग एका म्हातारीचा दमलेला आवाज...

"वर कुणी हाय का रं?"

मी फोन कापला.

तेव्हापासून तो वाजतोय. आरतीचाच आहे. ती तिथं एकटी आहे त्यांच्याजवळ, आणि माझा हात पुढं जात नाही.